दिवा दिसला की वळायचं

आमच्या जिन्याखाली एक बटण होतं. आता तिथं बटण नाही, नुसती भिंतीत गेलेली तार आहे. तानूबाईबद्दल सांगायला बसलो की मला आधी ते बटणच आठवतं. मी विजेच्या खात्यात एकतीस वर्षं लाइनमन होतो, त्यामुळं माणसाची गोष्ट तारेपासून सुरू करायची खोड आहे, चालवून घ्या.

शहराच्या कडेला, बेळ्ळंदूरच्या तळ्याजवळ, उंच इमारतींच्या पाठीला आमची गल्ली आहे. मी निपाणीचा, तानूबाई खानापूर तालुक्यातली. गल्लीत बाकी सगळे कन्नड, तमिळ, तेलुगू. मराठी घरं दोनच असल्यामुळं ओळख व्हायला वेळ लागला नाही आणि भांडण व्हायलाही लागला नाही. पहिलं भांडण नळाच्या पाण्यावरून झालं. ती जिंकली. पुढची कशावरून झाली ते आठवत नाही, पण तीही तीच जिंकली असणार.

तानूबाई ख्रिस्ती. आज्यांच्या पिढीत त्यांच्याकडची काही घरं ख्रिस्ती झाली, नावं मात्र गावचीच राहिली. म्हणून नवऱ्याचं नाव यल्लाप्पा. चर्चच्या वहीत त्याचं अंतोन असं काहीतरी लिहिलेलं आहे, पण त्या नावानं हाक मारली तर तो मान वर करायचा नाही. यल्लाप्पा बोम्मसंद्र्याला एका कारखान्यात लेथवर होता आणि तानूबाई गारमेंटमध्ये चेकर. चेकरचं काम म्हणजे तयार शर्ट उलटासुलटा करून बघायचा आणि लोंबणारा दोरा कातरायचा. तेवीस वर्षं तिनं तेच केलं. त्यामुळं समोरच्याच्या अंगावरच्या शर्टाचा दोरा निघालेला तिला बघवायचा नाही. माझ्याशी तावातावानं भांडत असतानाही तिचा हात माझ्या बाहीकडे जायचा आणि दोरा टचकन तोडायचा.

त्या काळी रिंग रोड अजून व्हायचा होता. यल्लाप्पाची सेकंड शिफ्ट असली की कंपनीची बस त्याला इब्लूरला सोडायची आणि तिथून तो चालत यायचा. वाटेत निलगिरीची झाडं, रस्त्यावर एक खांब नाही, आणि आमच्यासारख्याच दिसणाऱ्या आणखी दोन गल्ल्या. एकदा तो चुकीच्या गल्लीत शिरला आणि कुत्र्यांनी त्याची पँट पोटरीपर्यंत फाडली. दुसऱ्या दिवशी तानूबाई माझ्या दारात. म्हणाली, "दत्ताण्णा, तुम्ही लाइटीच्या खात्यात, आणि गल्लीत हा अंधार. दिव्याखाली अंधार म्हणत्यात ते खोटं नव्हं."

मी खांबासाठी अर्ज केला. खांब आला सहा वर्षांनी. तोवर थांबणारी तानूबाई नव्हे. तिनं यल्लाप्पाकडून गल्लीच्या तोंडाशी विटांचा ओटा बांधून घेतला, त्यावर काचेची पेटी बसवली आणि पेटीत आरोग्यमातेची, म्हणजे त्यांच्या मरियामातेची, हातभर उंचीची मूर्ती ठेवली. मूर्तीला ती स्वतः शिवलेली छोटी साडी नेसवायची. कोपऱ्यावरचं घर माझं, म्हणून पेटीतल्या दिव्याची तार माझ्या मीटरवरून नेली आणि बटण जिन्याखाली बसवलं. तिन्हीसांजेला तानूबाईनं यायचं, बटण दाबायचं, उजाडल्यावर बंद करायचं. वीज गेली तर पेटीत मेणबत्ती लावायची. नवऱ्याला तिनं एवढंच सांगितलं होतं, "दिवा दिसला की वळायचं."

मी देवाच्या बाबतीत कोरडा माणूस. घरात गणपती बसतो तोही बायकोच्या, श्यामलाच्या, धाकानं. मी तानूबाईला चिडवायचो. एकदा ती म्हणाली, "आम्ही मातेला पहाटेचा तारा म्हणतोय. तारा काय हात धरून नेत नाही अण्णा. नुसता दिसतोय. चालायचं आपलं आपण." मी म्हटलं, "तारा कसला, चाळीस वॅटचा बल्ब आहे, मीच बसवलाय." ती हसली. तेव्हा ती पुष्कळ हसायची, पुढचा एक दात पडला होता तरी.

गारमेंट बंद पडलं तेव्हा सहा महिने ती घरी होती. पवित्रा, तिची एकुलती मुलगी, टायफॉइडनं पडली तेव्हा सतरा दिवस तिनं उभ्यानं काढले. दोन्ही वेळा मी तिला त्या पेटीसमोर बघितलं आहे. रडायची नाही, मागायचीही नाही. मराठीत नमो मरियाची माळ म्हणायची, काच पुसायची आणि कामाला लागायची. चर्चमधली प्रार्थना कन्नडमध्ये आणि तमिळमध्ये. मराठीतली तेवढी त्या ओट्यावर.

चार वर्षांपूर्वी यल्लाप्पाला विसरायला व्हायला लागलं. आधी चष्मा, मग चुलीवरचं दूध, मग पवित्राचं नाव. डॉक्टरांनी मोठं नाव सांगितलं आणि म्हणाले की जुन्या सवयी शेवटपर्यंत टिकतील. ते खरं निघालं. रोज संध्याकाळी सहाला यल्लाप्पा चप्पल घालून निघायचा, तळ्याच्या बाजूनं मोठा फेरा मारायचा आणि सातच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी यायचा. पेटीतला दिवा दिसला की उजवीकडे वळायचा. बायको कोण ते एखाद्या दिवशी सांगता यायचं नाही, पण वळणं चुकलं नाही. सुरुवातीला पवित्रा मागोमाग जायची. महिनाभर बघून तिनंही सोडून दिलं. दिवा होता, मग काळजी कसली?

आता ते बटण.

आठ सप्टेंबरला मातेचा सण. त्याआधी नऊ दिवस रोज चर्चमध्ये प्रार्थना चालते, तिला नोव्हेना म्हणतात. त्या वर्षी नव्या फादरनी ठरवलं की आपल्या चर्चच्या सगळ्या गल्ल्यांतल्या मूर्ती नऊ दिवस चर्चच्या अंगणात एकत्र ठेवायच्या आणि सणाला मिरवणुकीनं परत आणायच्या. एकोणतीस ऑगस्टला दुपारी आमची मूर्तीही गेली. तानूबाईनं तिला निळी साडी नेसवली, पेटी आतून धुतली आणि काचेचं दार उघडं ठेवलं, वाळायला.

तिन्हीसांजेला ती सवयीनं जिन्याखाली आली, बटण दाबलं. मी पायरीवर चहा पीत होतो. रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला तर माझे हात शिवशिवतात, ती जन्माची खोड आहे. मी म्हटलं, "तानूबाई, आई गेली माहेरी. आता दिवा कुणाला दाखवतेस?"

तिनं रिकाम्या पेटीकडं बघितलं. "खरं हाय की," म्हणाली. "मोकळ्या पेटीत दिवा बराही दिसत नाही." आणि बटण बंद केलं. मग आम्ही दोघं थोडा वेळ बोललो. नव्या फादरचं मराठी नाव काय असेल यावर बोललो. मग ती भाकरी करायला गेली, मीही आत गेलो, आणि दोघांपैकी एकालाही आठवलं नाही की यल्लाप्पा बाहेर आहे.

साडेसातला ती भाकरीचं पीठ लागलेल्या हातांनी धावत आली आणि बटण दाबलं. उशीर झाला होता.

कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात सगळं होतं. पवित्रा, जी जवळच्याच एका ऑफिसात रिसेप्शनला आहे, तिनं ते फोनवर घेऊन आईला दाखवलं. मीही बघितलं. सहा पन्नासला यल्लाप्पा येतो. गल्लीच्या तोंडाशी थांबतो. अंधाऱ्या पेटीकडे बघतो. मिनिटभर तसाच उभा राहतो. मग मान हलवतो, आपलं नाही असं, आणि सरळ पुढं निघून जातो.

तानूबाईनं ते पुन्हा लावायला सांगितलं. दुसऱ्यांदा बघून म्हणाली, "जुनी चप्पल घातलीय." मग पीठ झाकायला आत गेली.

पोलिसांत तक्रार दिली. फोटो सगळ्या ग्रुपवर गेला. जुन्या सवयी टिकतात म्हणून पवित्रा आणि मी बोम्मसंद्र्याला गेलो. त्याचा कारखाना आता गोदाम झाला आहे. वॉचमननं फोटो बघून "इल्ला" म्हटलं, नाही म्हणून. आम्ही तीन दिवस तिथंच फिरलो, दवाखाने पालथे घातले, बसस्टँडवर बसलो. श्यामला घरी तानूबाईजवळ असायची. संध्याकाळी आल्यावर मी विचारायचो, "काही बोलली?" श्यामला मान हलवायची.

तानूबाई रडली नाही. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती सकाळी उठायची, आंघोळ करायची, दोन कप चहा करायची, एक प्यायची, एक ओतून द्यायची. कुणी जेव म्हटलं की जेवायची. बस म्हटलं की बसायची. चर्चमधल्या बायका आल्या, हात धरून प्रार्थना केली, ती "सरी, सरी", बरं बरं, म्हणत राहिली. नोव्हेनाला एकही दिवस गेली नाही. माळ खुंटीलाच होती. एक काम मात्र तिनं सोडलं नाही. तिन्हीसांजेला यायची आणि बटण दाबायची. रिकाम्या पेटीत दिवा जळत राहायचा. मी पायरीवर बसलेला असायचो. माझ्याकडं बघायची, जशी भिंतीकडं बघतात तशी, आणि जायची.

मला तिनं शिव्या द्याव्यात असं वाटत होतं. पाण्यावरून एवढं भांडली, यावर एक शब्द नाही. मला स्वतःलाही काही नीट वाटत नव्हतं. छातीत कापूस कोंबल्यासारखं होतं, ना दुःख, ना राग. जेवणाची चव कळत नव्हती, एवढंच.

आठ तारखेला मिरवणूक आली. बँड, फुलं, मेणबत्त्या. मूर्ती परत पेटीत बसली. बायकांनी तानूबाईला पुढं केलं, हार घालायला सांगितलं. तिनं हार घातला. मूर्तीच्या निळ्या साडीचा एक दोरा निघाला होता, तो नखानं तोडला आणि घरी गेली.

अकरा तारखेला सकाळी पवित्राचा फोन वाजला. होसकोट्याहून नागराज नावाचा कुणी माणूस बोलत होता. त्याची चहाची गाडी आहे, समोर सिस्टर लोकांचं एक लहान चॅपल. नऊ-दहा दिवसांपासून एक म्हातारा चॅपलच्या पायरीवर बसतो, सिस्टर त्याला जेवू घालतात. त्यांनी पोलिसांना कळवलं होतं, पण नाव विचारलं तर तो "सेकंड शिफ्ट" एवढंच सांगतो. आज नागराजनं ग्रुपवरचा फोटो बघितला.

बेळ्ळंदूरहून होसकोटे म्हणजे मारतहळ्ळी, मग टिन फॅक्टरीचा झुलता पूल, आणि तिथून जुना मद्रास रस्ता. मी गाडीत पुढं बसलो होतो आणि मनात तो रस्ता चालून बघत होतो. आणि मग मला दिसलं. वाटेत जिथं जिथं मातेची पेटी होती, तिथं नोव्हेनाचं तोरण अजून लटकत होतं. त्या नऊ दिवसांत सगळ्या शहरात दिवे लागले होते. यल्लाप्पा दिवा शोधत गेला असणार, एक दिसला की तिकडं, आपला नाही म्हणून पुढं, मग दुसरा. सगळीकडं उजेड होता, फक्त आमच्याच गल्लीत नव्हता. मागं तानूबाई खिडकीबाहेर बघत होती, तिनंही ती तोरणं बघितली असतील.

यल्लाप्पा पायरीवर बसला होता. दाढी केलेली, अंगात कुणाचातरी चौकड्यांचा शर्ट, पायाला पट्ट्या. पवित्रा रडत धावली आणि त्याला बिलगली. तो घाबरला. तानूबाई सावकाश गेली आणि शेजारी बसली. त्यानं सरकून जागा दिली.

"बसा अक्का," म्हणाला.

तानूबाईनं त्याच्या मनगटाशी लोंबणारा दोरा बघितला. तोडला. बोटाला गुंडाळला. मग म्हणाली, "चला, घरला जाऊया."

"आत्ता नको. दिवा लागू दे," तो म्हणाला. "आमच्या गल्लीत दिवा लावत्यात. दिवा दिसला की वळायचं."

"कोण लावतंय?"

"आमची मंडळी. तानू. ती कधी चुकायची नाही अक्का. वीज गेली तर मेणबत्ती लावतीय."

बोटाला गुंडाळलेला दोरा तानूबाईनं सोडवला, पुन्हा गुंडाळला. मी नागराजच्या गाडीकडं गेलो आणि नको असताना चहा मागितला. एकसष्ट वर्षांचा मी, त्या गाडीच्या आडोशाला उभा राहून रडलो. नागराज म्हणाला, "स्वल्प साखर घालू काय?" मी हो म्हटलं.

तो उठायला तयार होईना. शेवटी एका सिस्टरनं त्याला सांगितलं की बस आलीय, शिफ्ट सुटली. तेव्हा तो लगेच उठला आणि गाडीत बसला. बेळ्ळंदूरला पोचेपर्यंत सात वाजत आले. श्यामलानं बटण दाबून ठेवलं होतं. कोपऱ्यावर गाडी आली तसा मागून यल्लाप्पाचा आवाज आला, "हं, इथं वळा." ड्रायव्हर वळला.

दुसऱ्या दिवशी मी तानूबाईकडं गेलो. म्हटलं, "तानूबाई, बंद कर असं मीच म्हटलं होतं." ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुम्ही म्हटलं. बटण मी दाबलं." एवढंच. पुढचे तांदूळ निवडायला लागली. मी परत येऊन जिन्याखालचं बटण काढलं आणि तार थेट जोडून टाकली. खात्यात असतो तर स्वतःलाच नोटीस काढली असती. आता तो दिवा दिवसाही जळतो. उन्हात दिसत नाही, पण जळतो.

त्याला आता एकवीस महिने झाले. तानूबाई माळ परत म्हणते, पण मोठ्यानं नाही. मी एकदा विचारलं, "मातेवर राग नाही ना?" ती म्हणाली, "राग यायला काहीतरी वाटायला पायजे अण्णा. वाटतच नाही." थोड्या वेळानं म्हणाली, "सांभाळलंन की त्यांना. दहा दिवस आपल्या पायरीवर बसवून घेतलंन. माझी काय चूक धरली नाही." हे सांगताना तिचा चेहरा तसाच होता, बाजारभाव सांगताना असतो तसा.

यल्लाप्पा आता तिला अक्काच म्हणतो. रोज सहाला चप्पल घालतो आणि म्हणतो, "येतो अक्का, घरी वाट बघत असतील." स्वतःच्या घरातून तो घरी जायला निघतो. अडवलं तर अंगावर येतो. म्हणून तानूबाई डोक्यावर पदर घेऊन त्याच्याबरोबर जाते. तळ्याच्या बाजूनं तोच मोठा फेरा. सातला दोघं गल्लीच्या तोंडाशी येतात. दिवा दिसतो, यल्लाप्पा वळतो. दाराशी आला की तिला म्हणतो, "हे आमचं घर. तुम्ही जावा अक्का आता, उशीर झाला. तुमच्या घरचं कोणतरी वाट बघत असेल." आणि आत जाऊन दार लोटून घेतो.

तानूबाई परत कोपऱ्यावर येते. पेटीसमोर उभी राहते. काच पुसते, एक नमो मरिया म्हणते. त्याला चप्पल काढून, हातपाय धुऊन बसायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ थांबते. मग डोक्यावरचा पदर खाली घेते, दार ढकलते आणि आत जाते.

एखाद्या दिवशी आतून आवाज येतो, "आलीस काय तानू? दिवा लावलीस?" बहुतेक दिवशी काही ऐकू येत नाही. मी रोज त्या वेळी पायरीवर बसतो, टीव्ही बंद करायला सांगतो आणि ऐकतो.